चार पंखांचा शिकारी: मायक्रोरॅप्टरविषयी वाचकांचे प्रश्न

चीनच्या लिआओनिंग प्रांतात सापडलेल्या मायक्रोरॅप्टर या पिसेधारी, मांसाहारी डायनासोरविषयी वाचकांनी पाठवलेले प्रश्न या वेळच्या सदरात घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

मायक्रोरॅप्टर नक्की केवढा होता? चित्रांमध्ये तो कधी चिमणीएवढा, तर कधी माणसाच्या कमरेपर्यंत आलेला दिसतो.
*(वाचक, बार्शी)*

दोन्ही चित्रे चुकीची आहेत. सन २००० मध्ये शू शिंग, चौ चोंगह आणि वांग शिआओलिन या शास्त्रज्ञांनी ज्या नमुन्यावरून या प्राण्याला नाव दिले, त्याचे नुसते धड ४७ मिलिमीटर भरते, म्हणजे आपल्या करंगळीहूनही आखूड. तरी हाडांच्या वाढीवरून तो प्रौढ असल्याचे दिसत होते. त्या वेळी पक्षी सोडून माहीत असलेल्या सगळ्या मांसाहारी डायनासोरांत हा सर्वांत लहान ठरला. त्याचे पूर्ण नाव मायक्रोरॅप्टर झाओइआनस. ते झाओ शीजिन या चिनी जीवाश्मतज्ज्ञांच्या सन्मानार्थ दिलेले आहे.

२००३ मध्ये आणखी मोठे आणि पिसे स्पष्ट दिसणारे नमुने जगापुढे आले. त्यांतल्या मुख्य नमुन्याची लांबी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ७७ सेंटिमीटर आहे. त्याला मायक्रोरॅप्टर गुई म्हटले गेले. यातला ‘गु’ हा गु चिवेइ या संशोधकांच्या आडनावातला आणि ‘ई’ हा लॅटिन प्रत्यय. आज बरेच अभ्यासक या दोन्ही जाती एकच मानतात. मोठ्या नमुन्यांचेही वजन एक किलोच्या आसपास धरले जाते. ७७ सेंटिमीटर ऐकून प्राणी मोठा वाटतो, पण त्यातली जवळजवळ निम्मी लांबी शेपटीची आहे. शेपटी वजा केली की अंगणातल्या कोंबडीपेक्षा लहानच जीव उरतो.

काळ सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीचा. खडकांच्या ज्या थरांत तो सापडतो त्यांना जिउफोतांग म्हणतात. नमुन्यांची संख्या आता शेकड्यांत आहे, आणि लहान डायनासोरांच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे. एरवी एखाद्या जातीचे अर्धे जबडे नि दोन-चार मणके हाती लागले तरी अभ्यासक समाधान मानतात.

तो निळसर चमक असलेला काळा होता असे वाचले. १२ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा रंग कसा कळतो? की ही चित्रकाराची कल्पना?
*(चित्रकला शिक्षिका, कोल्हापूर)*

कल्पना नाही. पण ‘रंग सापडला’ असेही म्हणता येणार नाही. सापडले ते रंगकणांचे आकार, आणि त्यावरून रंग काढला गेला. पद्धत थोडी सविस्तर सांगतो, कारण या निष्कर्षाचे बळ आणि त्याच्या मर्यादा दोन्ही तिच्यातच आहेत.

आपल्या केसांत आणि पक्ष्यांच्या पिसांत मेलॅनिन हे रंगद्रव्य असते. ते सुटे पसरलेले नसून मेलॅनोसोम नावाच्या सूक्ष्म कणांत भरलेले असते. काळा-करडा रंग देणारे कण लांबुळके, साधारण एक मायक्रॉन लांब असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तांबूस रंग देणारे कण गोलसर आणि त्याच्या साधारण निम्मे. पीस कुजताना त्याचे मुख्य द्रव्य, केराटिन, नाहीसे होते. मेलॅनिन मात्र चिवट असते. म्हणून दगडावर पिसाचा जो काळा ठसा दिसतो, त्यात हे कण किंवा त्यांचे साचे शाबूत राहू शकतात. पूर्वी याच कणांना पीस कुजवणारे जिवाणू समजत असत. २००८ मध्ये याकोब व्हिंथर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पट्टेदार जीवाश्म पिसाचा अभ्यास करून दाखवले की कण फक्त गडद पट्ट्यांत आहेत, फिक्या पट्ट्यांत नाहीत. जिवाणू असते तर त्यांनी पट्टे पाहून वस्ती केली नसती.

प्रत्यक्ष काम असे चालते. पिसाच्या ठशावरून मिलिमीटरभर आकाराचा कपचा काढतात. तो कुठून काढला याची खूण नमुन्याच्या छायाचित्रावर करून ठेवतात, कारण डोक्यावरचे पीस आणि शेपटीचे पीस यांची सरमिसळ झाली की पुढचे सगळे गणित वाया जाते. कपच्यावर धातूचा अतिसूक्ष्म मुलामा देऊन तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. दिसणाऱ्या कणांची लांबी, रुंदी, त्या दोहोंचे गुणोत्तर आणि मांडणी मोजतात. मग आजच्या पक्ष्यांच्या रंगवार मोजमापांच्या साठ्याशी ती ताडून, हा संच कोणत्या रंगाच्या गटात बसतो ते संख्याशास्त्राने ठरवतात.

मायक्रोरॅप्टरच्या बाबतीत हे काम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे मेलॅनोसोम नेहमीच्या काळ्या पिसातल्या कणांपेक्षा लांब नि अरुंद निघाले, आणि ते थरांत ओळीने रचलेले होते. अशी रचना आज चमकदार काळ्या पक्ष्यांत आढळते. ती चमक रंगद्रव्याची नसते. पातळ थरांवरून प्रकाश परावर्तित होताना ती उमटते, साबणाच्या फुग्यावर रंग उमटतात तशी. तुम्ही विद्यार्थ्यांना दाखवायला उदाहरण शोधत असाल तर तारेवर बसलेला कोतवाल पाहायला सांगा. सावलीत तो निव्वळ काळा दिसतो. ऊन तिरपे पडले की अंगावर निळी झाक येते. मायक्रोरॅप्टर रंगवताना हाच नियम पाळा.

आता मर्यादा. गाजरासारखा नारिंगी किंवा पिवळा रंग देणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये असे कण मागे ठेवत नाहीत, त्यामुळे ती या पद्धतीला दिसत नाहीत. दुसरे, जमिनीखालच्या उष्णतेने आणि दाबाने कण आकसतात. २०१३ मध्ये मारिआ मॅकनमारा यांच्या गटाने आजची पिसे उच्च तापमानाला आणि दाबाला ठेवून पाहिली, तेव्हा कण २० टक्क्यांपर्यंत लहान झालेले आढळले. लांबी-रुंदीवर रंग ठरवणाऱ्या पद्धतीत हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. मायक्रोरॅप्टरच्या निष्कर्षाला बळ मिळते ते यामुळे की तिथे आकाराच्या जोडीला कणांची मांडणीही आहे.

या रंगामुळे एक वाद मात्र उभा राहिला. २०११ मध्ये डोळ्यातल्या हाडांच्या कड्याच्या मापावरून तो निशाचर असावा असे मांडले गेले होते. पण चमकदार पिसारा आज मुख्यतः दिवसा वावरणाऱ्या पक्ष्यांत दिसतो. चमक दिसायला प्रकाश लागतो, म्हणून मला दिवसाचे पारडे जड वाटते.

तो उडत होता की नुसता तरंगत झाडावरून खाली येत होता?
*(भौतिकशास्त्राचे शिक्षक, नाशिक)*

आधी त्याच्याकडे साहित्य काय होते ते पाहू. हातावर पंख होता: पंजाच्या हाडांना नि बोटाला जोडलेली सुमारे १२ मोठी पिसे आणि पुढच्या हाताच्या हाडावर सुमारे १८. पायांवरही लांब, ताठ दांड्याची पिसे होती, आणि ती फक्त मांडीवर नव्हती. घोट्याच्या खाली, पावलाच्या लांब हाडांवर ती सर्वांत मोठी होती. हाताची नि पायाची ही पिसे दांड्याच्या दोन्ही बाजूंना सारखी रुंद नाहीत. हवा कापणारी कड अरुंद, मागची रुंद. न उडणाऱ्या बऱ्याच पक्ष्यांत ही विषमता कमी होते. म्हणजे ही पिसे हवेवर काम करत होती याबद्दल फारशी शंका नाही. प्रश्न एवढाच की काम कोणते.

पाय कसे धरले जात होते यावर बरीच वर्षे गेली. पायांचे पंख दोन्ही बाजूंना सपाट पसरले तर चारही पंख एका पातळीत येतात. पण डायनासोरच्या खुब्याचा सांधा बेडकासारखा आडवा पसरत नाही. मांडीच्या हाडाचे डोके खोबणीबाहेर येईल. २००७ मध्ये शंकर चॅटर्जी आणि जॅक टेम्पलिन यांनी दुसरा मार्ग सुचवला. चॅटर्जी मूळचे कोलकात्याचे, पुढे अमेरिकेतल्या टेक्सास टेक विद्यापीठात गेले. त्यांच्या मते पाय शरीराखालीच राहिले तर मागचा पंख पुढच्या पंखाच्या खालच्या पातळीवर येतो, जुन्या दोन मजली विमानासारखा. २०१० मध्ये एका गटाने जीवाश्माच्या साच्यावरून बनवलेली प्रतिकृती प्रत्यक्ष तरंगवून पाहिली. २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनला पूर्ण आकाराची प्रतिकृती वाऱ्याच्या बोगद्यात ठेवली गेली. त्यात आढळले की पाय थोडे असे किंवा तसे ठेवल्याने तरंगण्यात फार फरक पडत नाही, आणि मध्यम उंचीवरून तरंगत उतरणे त्याला नीट जमले असते.

पंख फडफडवून उडण्याबद्दल तुमच्या विषयातला हिशोब उपयोगी पडतो. आजचे पक्षी उडायचे तर पंखाच्या दर चौरस सेंटिमीटरवर शरीराचा भार २.५ ग्रॅमच्या आत असावा लागतो. एक किलोच्या प्राण्याला मग निदान ४०० चौरस सेंटिमीटर पंख हवा, म्हणजे एका बाजूला २० सेंटिमीटर लांब नि १० सेंटिमीटर रुंद पट्टी. २०२० मध्ये पक्ष्यांच्या जवळच्या अनेक डायनासोरांची अशी गणिते तपासली गेली. बहुतेक उंबरठ्याशीच थांबले. मायक्रोरॅप्टर तो ओलांडणाऱ्या मोजक्यांत होता.

त्याच वर्षी आणखी एक पुरावा आला, आणि तो मला सर्वांत बोलका वाटतो. एका नमुन्यात पंखांची पिसे गळून नवी येत असतानाची अवस्था टिकली आहे. बदक सगळी मोठी पिसे एकदम टाकते आणि काही आठवडे उडू शकत नाही. ज्यांना रोजच उडावे लागते ते पक्षी एक-दोन पिसे टाकतात, ती वाढली की पुढची, आणि दोन्ही बाजूंना सारख्याच जागी, म्हणजे तोल जात नाही. मायक्रोरॅप्टरची पिसे अशी क्रमाने बदलत होती. उड्डाण त्याला अधूनमधूनची चैन असती, तर शरीराने एवढी काळजी घेतली नसती.

तरी कबुतरासारखा तो तासभर पंख मारत होता असे समजू नये. त्याच्या उरोस्थीला, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाला, आजच्या पक्ष्यांसारखा उंच उभा कणा नाही, आणि जोरकस फडफडीचे मोठे स्नायू तिथेच बसतात. थोडे अंतर फडफड, बाकी तरंगणे, असा मध्यम अंदाज धरावा.

सापासारखी तो कात टाकत असे का?
*(वाचक, लातूर)*

नाही. २०१८ मध्ये मायक्रोरॅप्टरच्या पिसांमध्ये अडकलेले एक ते दोन मिलिमीटरचे पांढुरके कण तपासले गेले. तो कोंडा निघाला! पेशींचा बहुकोनी आकार आणि त्यातले केराटिनचे तंतूसुद्धा टिकलेले होते. म्हणजे त्याची त्वचा पक्ष्यांसारखी नि आपल्यासारखी बारीक खपल्यांनी झडत होती. त्या पेशी केराटिनने गच्च भरलेल्या आहेत. आजच्या पक्ष्यांत त्यांत चरबी जास्त असते, आणि तिच्यामुळे उडताना वाढलेली उष्णता बाहेर टाकायला मदत होते. उड्डाणात त्याचे शरीर आजच्या पक्ष्यांइतके तापत नसावे, या मताला यातून दुजोरा मिळतो.

त्याचे खाणे काय होते? आणि इंद्राच्या नावाचा सरडा त्याच्या पोटात सापडला हे खरे का?
*(वाचक, फोंडा, गोवा)*

खरे आहे. २०१९ मध्ये एका मायक्रोरॅप्टरच्या बरगड्यांच्या आत जवळजवळ अख्खा सरडा सापडला. त्याचे दात त्या प्रदेशातल्या कुठल्याच ज्ञात सरड्याशी जुळेनात, म्हणून त्याला नवे नाव द्यावे लागले: इंद्रसॉरस वांगी. ‘वांगी’ हा शब्द आपल्या वांग्याशी संबंधित नाही. वांग युआन या चिनी शास्त्रज्ञांवरून तो आला. ‘इंद्र’ मात्र आपलाच. वृत्राने इंद्राला गिळले, देवांनी वृत्राला जांभई आणवली आणि तेवढ्यात इंद्र निसटला, ही कथा आपण ऐकलेली असते. नाव देणाऱ्यांच्या मनात हेच गिळणे होते. या सरड्याला मात्र जांभईची संधी मिळाली नाही.

पाटीवर, म्हणजे जीवाश्म असलेल्या सपाट दगडावर, पाहताना एक गोष्ट लक्षात घ्या: सरडा डोक्याच्या बाजूने आत गेला आहे. खवले आणि पाय मागे वळलेले असल्याने डोके पुढे ठेवून गिळले की भक्ष्य घशात अडत नाही. आज सरडा गिळणारा बगळा किंवा भारद्वाज पाहा, तोही आधी चोचीत भक्ष्य फिरवून त्याचे डोके आत घेतो.

इतर जेवणेही सापडली आहेत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नमुन्यात झाडावर बसणाऱ्या जातीचा एक पक्षी होता, २०१३ च्या नमुन्यात मासे. २०२२ मध्ये सस्तन प्राण्याचे एक पाऊल दाखवले गेले, साधारण उंदराएवढ्या जिवाचे, आणि तेही ज्या नमुन्यावरून २००० मध्ये या डायनासोरचे नामकरण झाले होते त्याच नमुन्यात. बावीस वर्षे ते पाऊल बरगड्यांमध्ये होते. बारीक हाडे शरीराच्या हाडांत मिसळलेली दिसली की डोळा ती त्याच प्राण्याची समजतो. म्हणूनच पोटाच्या भागातल्या प्रत्येक तुकड्याला ‘हा कुणाचा?’ असे विचारायची सवय लावावी लागते.

पक्षी, मासा, सरडा, सस्तन: चार नमुन्यांत चार प्रकार. एकाच खाद्यावर विसंबणारा हा प्राणी नव्हता. मिळेल ते, पेलेल ते खाणारा होता. पक्षी पोटात असल्यामुळे तो झाडावर शिकार करत होता असे सरसकट म्हटले जाते. ते मला घाईचे वाटते. झाडावरचे पक्षी पाणी प्यायला खालीही येतात. मेलेला पक्षी उचलला नसेलच असेही नाही. सरडा डोक्याच्या बाजूने गिळलेला असल्याने निदान तो मुद्दाम पकडून गिळला हे अधिक पटते. पावलाच्या मऊ गाद्या लेझरच्या प्रकाशात उजळवून पाहणारा अभ्यासही झाला आहे, आणि त्यात मायक्रोरॅप्टरचे पाऊल आजच्या ससाण्या-शिक्र्यांसारख्या शिकारी पक्ष्यांच्या जवळ जाते. दुसऱ्या बोटावरची कोयत्यासारखी नखी जमिनीला न टेकता उचललेली असे, म्हणून ती धार टिकवून होती.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मायक्रोरॅप्टरची प्रतिकृती करायची आहे. मापे आणि पद्धत सांगाल का?
*(इयत्ता नववीचा विद्यार्थी, इस्लामपूर)*

पूर्ण आकाराची कर. ७७ सेंटिमीटर टेबलावर मावते, आणि ‘हा खरा एवढाच होता’ असे लिहिता येते. प्रदर्शनात त्याचा परिणाम मोठा असतो.

वर्तमानपत्राच्या मोठ्या कागदावर ७७ सेंटिमीटरची रेघ मार. मागचे ३८ सेंटिमीटर शेपटीला राखून ठेव. पुढच्या भागात बोटभर लांबीचे डोके, मान आणि लहानसे धड बसव. धड फुगवलेस की कोंबडी होईल. मुले हमखास इथेच चुकतात. शेपटीला सहज न वाकणारी जाड तार घे. खऱ्या प्राण्यातही शेपटीच्या मणक्यांना लांब हाडांच्या काड्यांचा आधार होता, त्यामुळे ती मुळाशी हलायची पण मध्ये पाल-सरड्यासारखी वळवळायची नाही. बाकी सांगाडा बांधकामाच्या बारीक तारेने बांध, वर कागद चुरगळून चिकटपट्टी गुंडाळ, आणि त्यावर कागदाच्या लगद्याचा पातळ थर दे. तो दोन दिवस सावलीत वाळू दे. उन्हात ठेवलास तर वरचा थर आधी आकसतो आणि तडकतो.

पिसांसाठी काळा कार्डपेपर वापर. कावळ्याची वगैरे पिसे गोळा करू नकोस, ती अस्वच्छ असतात आणि वन्यपक्ष्यांच्या बाबतीत कायद्याचाही प्रश्न येतो. प्रत्येक हाताला ३० मोठी पिसे लागतील, १२ पंजावर आणि १८ पुढच्या हातावर, म्हणजे दोन्ही मिळून ६०. पीस कापताना दांड्याची रेघ मधोमध आखू नकोस. पुढच्या कडेकडून साधारण एक तृतीयांशावर आख, म्हणजे खरी विषमता दिसेल. वाया जाणारी धरून ७०-७५ पिसे काप.

चिकटवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. कौले शाकारताना खालची ओळ आधी घालतात, तसेच इथे. आधी टोकाची लांब पिसे, मग त्यांची मुळे झाकणारी मधली, शेवटी खांद्याजवळची बारीक. फेव्हिकॉल फक्त दांड्याच्या मुळाशी टिंबभर लाव. पूर्ण पिसाला लावलास की कागद ओला होऊन वळतो आणि पंख कोबीच्या पानासारखा दिसायला लागतो. पायांची पिसे मांडीपासून सुरू करून घोट्याखालच्या लांब हाडापर्यंत ने, आणि सर्वांत लांब तिथे. शेपटीच्या टोकाला पंख्यासारखा झुपका कर; त्यातली मधली दोन पिसे बाकीच्यांपेक्षा लांब ठेव.

या चुका परीक्षक पकडतात: पिसांच्या बाहेर उघडी बोटे सोडणे (मोठी पिसे बोटालाच जोडलेली होती, म्हणून नख्या पंखाच्या पुढच्या कडेतून फक्त डोकावतात), हाताचे तळवे जमिनीकडे करणे (ते एकमेकांकडे, टाळी वाजवताना असतात तसे), पाय बेडकासारखे पसरणे, आणि चोच लावणे. त्याला चोच नव्हती, बारीक दात होते.

रंग आधी पूर्ण काळा दे. तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने निळा किंवा जांभळा मोतिया रंग फक्त पिसांच्या कडांवरून फिरव. सगळीकडे चमकी लावलीस तर गणेशोत्सवाची सजावट होईल. शेवटी सोंगटी उभी राहते का ते पाहा: लांब शेपटीमुळे ती मागे कलते. लाकडी पाट घेऊन पायांतली तार पाटाला भोक पाडून खालून वळव.

ऑनलाइन ‘चीनमधील पिसेधारी डायनासोरचा अस्सल जीवाश्म’ विक्रीला दिसला. घ्यावा का? खरा-खोटा कसा ओळखावा?
*(वाचक, पुणे)*

घेऊ नका. खोटा असेल तर पैसे गेले. खरा असेल तर तो बेकायदा बाहेर आलेला असण्याची शक्यता फार मोठी, कारण चीनमधून असे जीवाश्म सरकारी परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाहीत. शिवाय कुठल्या खाणीतून, कुठल्या थरातून आला याची नोंद नसलेला नमुना अभ्यासाच्या दृष्टीने अर्धा मेलेला असतो.

यात भले भले फसलेले आहेत. ‘आर्किओरॅप्टर’चे प्रकरण मायक्रोरॅप्टरशीच जोडलेले आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत टुसॉनच्या रत्न-खनिजांच्या मेळ्यात एक पाटी ८०,००० डॉलरला विकली गेली: धड पक्ष्याचे, शेपटी डायनासोरची. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नॅशनल जिओग्राफिकने ती पक्षी आणि डायनासोर यांच्यातला दुवा म्हणून छापली. महिन्याभरात शू शिंग यांना चीनमध्ये त्याच शेपटीची उलटपाटी मिळाली. पातळ थरांचा दगड फोडला की जीवाश्म दोन अर्ध्यांत विभागतो, एकावर हाडे आणि दुसऱ्यावर त्यांचा आरशातला जोड. ही शेपटी हुबेहूब तीच होती, पण तिला जोडलेले शरीर वेगळेच होते. लेख छापण्याआधीच झालेल्या क्ष-किरणांच्या सीटी तपासणीतही पाटी अनेक तुकड्यांची जोडकाम केलेली निघाली होती. डावा आणि उजवा पाय म्हणून लावलेले दोन पाय प्रत्यक्षात एकाच पायाची पाटी आणि उलटपाटी होते! शेपटी मायक्रोरॅप्टरची ठरली, धड यानॉर्निस नावाच्या पक्ष्याचे.

तुमच्याजवळ कुणी नमुना तपासायला आणलाच तर क्रमाने असे पाहा. आधी दगडाचे तडे: एक तडा हाडातून जाताना पुढे दगडातही सरळ जातो का? हाडाच्या कडेला थांबला तर तिथे जोड आहे. मग दोन्ही बाजूंचे अवयव मोजा. उजवा-डावा एकमेकांचे अगदी तंतोतंत प्रतिबिंब असतील, बारीक तुटलेपणासह, तर आर्किओरॅप्टरची युक्ती आठवा. दहापट भिंगाखाली खऱ्या हाडाला बारीक भोकाभोकांची वीण दिसते. रंगवलेल्या किंवा कोरलेल्या हाडात ती नसते. पिसांच्या जागी रंग असेल तर तो दगडाच्या उंचवट्यांवर जाड आणि खाचांत पातळ दिसतो, आणि ब्रशचे केस कधीकधी त्यातच अडकलेले असतात. अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा लावा, डोळ्यांना संरक्षक चष्मा असू द्या. गोंद आणि भरणी बहुतेक वेळा निळसर पांढरी चमकते, दगड चमकत नाही. शेवटी, मालकाच्या परवानगीने आणि अगदी कडेला, ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा फिरवा. रंग बोळ्यावर आला तर विषय संपला.

भरणी दिसली म्हणजे सगळा जीवाश्म खोटा, असेही नाही. लिआओनिंगच्या पाट्या फोडतानाच तुकडे होतात आणि शेतकरी त्या जागीच गोंदाने जोडतात. प्रश्न गोंदाचा नाही. दोन वेगळे प्राणी जोडले आहेत का, हा प्रश्न आहे.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात डायनासोरची हाडे सापडली आहेत. इथे पिसांचा डायनासोर मिळू शकेल का?
*(वाचक, वरोरा)*

तुमच्या तालुक्यातले पिजदुरा आणि जिल्ह्यातले डोंगरगाव ही भारतीय जीवाश्मशास्त्रातली मानाची ठिकाणे आहेत. डोंगरगावला सापडलेल्या सांगाड्यावरून इसिसॉरस या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरची ओळख पटली. आधी १९९७ मध्ये त्याला टायटॅनोसॉरसची जात म्हटले होते. २००३ मध्ये त्याला हे वेगळे नाव मिळाले, भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. पिजदुऱ्याची अश्मीभूत विष्ठा तर जगभर गाजली, कारण २००५ मध्ये तिच्यात गवताच्या पेशींतले सिलिकाचे कण सापडले. डायनासोरांच्या काळात गवत होते हे त्यातून सिद्ध झाले.

पण हे खडक, ज्यांना लमेटा म्हणतात, सुमारे ६.६ ते ७ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. मायक्रोरॅप्टर त्यांच्याहून ५ कोटी वर्षे जुना. आणि मुख्य अडचण काळाची नाही, चिखलाची आहे. लिआओनिंगला शांत तळी होती. तळाशी प्राणवायू फार कमी, वरून ज्वालामुखीची बारीक राख पडायची. प्राणी बुडाला की त्याला कुरतडणारे कुणी नसे, आणि कागदासारखे पातळ थर त्याच्यावर साचत. पिसाचा ठसा टिकायला हेच लागते. लमेटाचे थर बऱ्याच ठिकाणी जुन्या मातीचे आणि पुराच्या गाळाचे आहेत. त्या मातीत चुना साठला, मुळे फिरली, किडे वावरले. मोठी हाडे टिकली, पण सांगाडे विस्कटले. पिसांचा तिथे टिकाव लागणे कठीण. भारतात आजवर पिसांचा ठसा असलेला डायनासोर मिळालेला नाही.

तरी वाट बंद आहे असे मला वाटत नाही. दक्खनच्या लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या तळ्यांचे गाळ नागपूर-वर्धा-चंद्रपूर पट्ट्यात आहेत. त्यात वनस्पती आणि मासे चांगले टिकलेले आढळतात. बारीक थरांचा, कागदासारखा सुटणारा गाळखडक दिसला तर तो नजरेखालून घाला.

काही मिळालेच तर उकरून काढू नका. आहे तसे, जागेवर, बाजूला नाणे ठेवून तीन-चार बाजूंनी छायाचित्रे घ्या. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश लिहून घ्या. खडक फुटलेला असेल तर दोन्ही अर्धे तुकडे जपा, दुसरा टाकून देऊ नका. ते वर्तमानपत्रात वेगवेगळे गुंडाळा, कुठला कुठल्याच्या समोर होता ते पेन्सिलीने लिहा, आणि नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा. पावसाळ्यानंतर, ओढ्याच्या नव्याने तुटलेल्या काठावर, ऊन तिरपे असताना सकाळी पाहिलेत तर ठसे सर्वांत स्पष्ट दिसतात.